बंदरावरचा ठिपका

मोम्बासाला निघालेल्या बाबांच्या जहाजाचा वादळात संपर्क तुटला होता. सिंगापूरला, बेडोकच्या फ्लॅटमध्ये आई फोन मुठीत धरून बसली होती, आणि अनुजाने नेमकं आजच आपलं नवं कंट्री-पॉप सिंगल रिलीज केलं.

"बाप तिकडे समुद्रात अडकलाय आणि तुला गाणी सुचतायत? तुझं एकही गाणं ऐकणार नाही म्हणालेत ते!"

अनुजाच्या मोबाइलवर गाणं कुठे कुठे ऐकलं जातंय ते दाखवणारा नकाशा होता, त्यावरून तिची नजर हलत नव्हती. आजवरची तिची सगळी सिंगल्स पडली होती. पण दर वेळी, बाबांचं जहाज ज्या बंदरात असेल, तिथे एक ठिपका न चुकता उमटायचा.

मोम्बासावर ठिपका उमटला.

"आई, पोचले गं बाबा!"



आईच्या मुठीतला फोन मात्र गाणं संपल्यावरच वाजला.