इंजिन थंड ठेवा

चावी लावलेली होती, पण ती फिरवायला गुणवंतरावांचा हात धजत नव्हता. अहेरीत त्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली होती. अंगणातल्या जीपमध्ये ते कानटोपी घालून बसले होते. कमरुद्दीन मिस्त्री आता येईलच. रोज एव्हाना जीप घरघरून, तापून पुन्हा गप्प झालेली असायची.

गाडीची तक्रार मात्र खरी होती. जंगलखात्यातून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी खात्याच्याच लिलावातली ही म्हातारी जीप घेतली. सकाळी पहिल्यांदा चालू केली की इंजिनातून खट्‌खट्‌ असा आवाज यायचा, आणि इंजिन तापलं की आपोआप बंद व्हायचा. कमरुद्दीनने ऐकून घेतलं आणि बजावलं, "इंजिन रातभर थंड ठेवा. पहाटे फजरची नमाज झाली की मी येतो. मी येईपर्यंत चावीले हात लावू नका. हा आवाज दिवसातून एकच डाव ऐकाले भेटते."

पण साहेब यायच्या आधी गाडी चालू करून ठेवायची, ही उभ्या नोकरीची सवय. पहिल्या दिवशी गुणवंतरावांनी तेच केलं. कमरुद्दीन आला, बॉनेट उघडलं, गाडी चालू केली, तर ती शहाण्या मुलीसारखी गप्प. "आज नाई बोलत. उद्या पाहू," म्हणून तो टेकला. चहा झाला. पुरात वाहून गेलेले रस्ते, मेलेले साहेब, जंगलात बिघडलेल्या गाड्या, असं बरंच बोलणं झालं. पत्नी सत्यशीलाबाई गेल्यापासून त्या घरात फळीवरून दुसरी कपबशी उतरली नव्हती. पोरगा नागपूरला, तो एसटीडीवरून फोन करायचा, तोही शेजाऱ्यांकडे. त्या दिवशी गुणवंतरावांनी दोन्ही कपबशा धुतल्या आणि त्यांना फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी मुद्दाम तापवली. तिसऱ्या दिवशीही. मग रोजच. चोराच्या मनात चांदणं, म्हणून बॉनेट ओल्या फडक्याने पुसून गारही करायचे. कमरुद्दीन यायचा, "आज बी नाई बोलत," म्हणायचा आणि खाटेवर बसायचा.

त्रास व्हायचा तो बुद्धवंदनेत. पंचशीलातली पहिली तीन शीलं ते खणखणीत म्हणायचे. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे आवाज उतरायचा. आपण कुठे खोटं बोललो, गाडीच बोलत नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. ती काही दिवस पुरली.

काल मात्र चहा पिऊन उठताना कमरुद्दीनचा गुडघा अडकला. दाराची चौकट धरून तो बराच वेळ उभा राहिला. एवढ्या थंडीत, असल्या गुडघ्याने हा माणूस आपल्यासाठी पायी येतो, आपलं गॅरेज उघडायचं सोडून येतो, आणि आपण त्याला नाचवतो आहोत. गुणवंतरावांना स्वतःची लाज वाटली. आज वंदनेत ते चौथ्या शीलापाशी थांबले, ते पुढे गेलेच नाहीत.

एकदा आवाज सापडला की तो जाईल. आवाज गेला की कमरुद्दीन कशाला येतो? हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी चावी काढून खिशात टाकली आणि ते खाली उतरले.

कमरुद्दीन आला. नेहमीसारखा त्याने बॉनेटवर तळहात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"आज गाडी चालू नाई केली, भाऊ?"

"नाई." गुणवंतराव खाली बघत म्हणाले. "कमरुभाई, मी रोज तुमी याच्या आधी..."

"चालू करा."

त्यांनी चढून चावी लावली आणि फिरवली. खट्‌खट्‌ खट्‌खट्‌. सगळं अंगण दणाणलं. कमरुद्दीन वाकलासुद्धा नाही. त्याने कोटाच्या खिशातून एक पुडी काढली. तिचा कागद घड्यांवर फाटला होता. आत सांध्यात बसवायची नवी कोरी गॅस्केट होती.

"धुराचा पाइप इंजिनाले बसते ना, तिथची गॅस्केट गेली. लोखंड थंड असलं का फट पडते. तापलं का बुजते."

"न पाहताच सांगता?"

"पाह्यलं ना. पहिल्याच दिवशी. फटीपाशी काजळी होती."

गुणवंतराव त्या पुडीकडे पाहतच राहिले. "मंग रोज काऊन आले? तुमचं गॅरेज..."

"गॅरेज सैफचं हाय आता. म्हणते, अब्बा, तुमी कशाले हात लावू नका, फकत बसून राहा. घरवाली नूरी जिती असती तं घरी बसून बी राह्यलो असतो." कमरुद्दीनने मान वळवून कोपऱ्यावरच्या सरकारी नळाकडे पाहिलं. "मी रोज तिथी थांबतो. तुमची गाडी बंद झाली का मंगच इकडे येतो. आज वाट पाह्यली, तं चालूच नाई झाली."

इंजिन तापत आलं होतं. खटखट हळू झाली, मग ऐकू येईनाशी झाली. कमरुद्दीन हातातली गॅस्केट उलटीसुलटी करत होता.

"तुमाले आजच खरं बोलाचं सुचलं," तो म्हणाला. "आता उद्या मी काय बहाना करून येऊ, भाऊ?"