संमतीचा रकाना

नव्या फोनवर हिरीबाई बोलली, चाचणीपुरती. पण ते झालंच नाही असं समजा, कारण गोपीचंदकाका तसंच समजून चालले आहेत.

शेलूबाजारच्या स्टँडमागं वैभवीचं ॲप बनवायचं दुकान. काका इंझोरीहून जीपनं आले आणि टेबलावर दोन फोन ठेवले. एक जुना अँड्रॉइड, बॅटरी भाकरीसारखी टम्म फुगलेली. दुसरा पुतण्यानं पाठवलेला आयफोन.

"याच्यातलं ॲप त्याच्यात घाल, पोरी. हा कवा बंद पडन, नेम नाही."

ॲप पुतण्यानंच कधीकाळी बनवलेलं. विहिरीवरची मोटर सुरू झाली की त्यातून काकांच्या बायकोचा, हिरीबाईचा, आवाज यायचा : "मोटर चालू झाली हो! चपला घालून जा, इच्चूकाटा हाये."

"काकू?" वैभवीनं हळूच विचारलं.

"चार वर्सं झाली." काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आता घरात तिचा एवढाच आवाज उरला."

वैभवीनं दोन्ही फोन शेजारी-शेजारी ठेवले. "असं उचलून नाही घालता येत, काका. बैलाचं जू ट्रॅक्टरले बसते काय? सारं नव्यानं लिहा लागते."

"लिही. फक्त तिचा आवाज बदलू नको."

अठरा दिवस ती लिहीत होती. चाचणीपुरतं ॲप चाललं. कायमचं घालायला मात्र फोनच्या कंपनीनं अडवलं : आवाज ज्याचा, त्याची लेखी संमती जोडा. व्यक्ती हयात नसल्यास वारसाची.

फॉर्म घेऊन ती इंझोरीला गेली. आत कोणीतरी भांडी घासत होतं, सून असावी.

"इथं सही करा, काका."

"माह्या सहीनं नाही भागत."

"काहून? वारस तुमीच ना?"

काकांनी पेन परत तिच्याकडं सरकवलं. त्यांना धीर यावा म्हणून वैभवीनं आयफोनवर चाचणी लावली. "मोटर चालू झाली हो! चपला घालून जा..."

आतली भांडी थांबली. पदराला हात पुशीत एक म्हातारी बाहेर आली, फॉर्म ओढून घेतला आणि एक शब्द न बोलता संमतीच्या रकान्यात लिहू लागली :

"विनंती अर्ज. चार वर्षांपूर्वी पोरीच्या लग्नात, व्याह्यांसमोर, मले 'चूप बैस' असा तोंडी हुकूम देण्यात आला. तो मी आजवर पाळला. सदर हुकूम त्याच व्याह्यांसमोर, त्याच तोंडानं मागे घेण्यात यावा. मगच आवाज वापरावा. आपली नम्र, हिरीबाई गोपीचंद राठोड."