कानामागची रेघ

संग्रहालयात दर्शनाच्या डोळ्यांवर रुमाल बांधत चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "हजार वर्षांची मूर्ती आहे. हात लावायची खास परवानगी काढलीय नववीसाठी. सावकाश बघ, बोटांनी."

दर्शनाची बोटं कपाळावरून ओठांवर आली. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नीने घडवलेला गाल आपल्या हातात आहे, या विचाराने रुमाल ओला झाला.

मग बोट कानामागे अडलं. तिथे बारीक उभी रेघ होती. पेणला तिच्या घरी साच्यातून निघालेल्या प्रत्येक गणपतीच्या कानामागे अशीच रेघ असते, साच्याचे दोन भाग जुळतात तिथे. आई ती पॉलिश पेपरने घासून काढते.

"बाई, ही प्लास्टरची आहे," ती पुटपुटली.

"माहितीये गं," बाई तिच्या कानाशी आल्या. "पण खरी समजून तुम्ही किती मनापासून बघता. बाकीच्यांना सांगू नकोस."

रुमाल सुटला. समोर तिची मैत्रीण अल्फिया डोळे बांधून, हात पुढे करून उभी होती. "खरंच हजार वर्षांची आहे का गं?"

"हो," दर्शना म्हणाली. तिने अल्फियाचा हात धरून मूर्तीच्या गालावर ठेवला आणि कानामागे जाऊ दिला नाही.