बिनटिंबाचं गाढव

"गाढव आहे ते, उस्ताद!" तमीम म्हणाला, आणि कैरोच्या त्या कोंदट खोलीत उस्ताद बहगत चक्क खो खो हसले. अरबी विभागातल्या कुणी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. समोर बसलेल्या गुफ्रानच्या हातातला चहाचा पेला ओठांपाशीच थबकला. पोरगं तिच्याच हाताखाली शिकलेलं.

कविता सहाशे वर्षांपूर्वीची. जुन्या हस्तलिखितात अक्षरांवर टिंबंच नाहीत. त्यातल्या एका शब्दावर टिंब द्या, खिमार होतो, म्हणजे ओढणी. देऊ नका, हिमार, म्हणजे गाढव. 'तू गेल्यावर हा बाजार मी ओलांडू कसा?' असं कवी त्या शब्दाला उद्देशून विचारतो, आणि सगळा विभाग आजवर प्रियेच्या ओढणीसाठी हळहळत आला होता.

"पण पुढच्याच ओळीत तो उरलेल्या सातूंकडे बघून रडतोय," तमीम म्हणाला. "ओढणी काय सातू खाते?"

"अरे लबाडा!" उस्तादांनी डोळे पुसले. "गाढवच मेलंय की बिचाऱ्याचं!"

ओढणी काय सातू खाते? अगदी हेच गुफ्रानही बोलली होती, विद्यार्थिनी असताना, याच खोलीत. तेव्हा याच म्हाताऱ्यानं चष्म्यावरून रोखून पाहिलं होतं. "मुली, एवढा थोर कवी गाढवासाठी रडेल? सातू ही नक्कल करणाऱ्याची चूक. टिंब दे." तिनं दिलं. त्या टिंबावर प्रबंध लिहिला, डॉक्टर झाली, वर्गच्या वर्ग शिकवले.

आणि आज हे कालचं पोर तेच बोललं, तर म्हणे 'अरे लबाडा'! तिचा नुसता जळफळाट झाला. त्या हसण्यातलं चिमूटभर तरी तेव्हा तिच्या वाट्याला यायला काय हरकत होती?

"मग ठरलं," उस्ताद म्हणाले. "या कवीचा संग्रह छापायचाय, तो तमीम सिद्ध करेल. गुफ्रान, तू मदत कर हं त्याला."

मदत! ज्या कामाची तिनं केस पिकेपर्यंत वाट पाहिली, त्यात मदत! चहाचा पेला तिनं खाली ठेवला तो जरा आपटूनच.

"पण काय गं," उस्तादांचं हसू अजून ओसरलं नव्हतं, "इतकी वर्षं तू या कवीत मुरलेली. तुला कसं नाही दिसलं हे गाढव?"

आता मात्र तिला राहवेना. "दिसलं होतं, उस्ताद. टिंब दे म्हणून तुम्हीच सांगितलंत."

"मी?" म्हातारा खरोखरच आठवू लागला. "छे गं! मी कशाला असं सांगेन?"

तमीमनं कागद सारखे केले आणि पुन्हा विस्कटले.

"सांगितलं असेल त्यांनी, बाई," तो हळूच म्हणाला. "मागच्या वर्षी मी तुम्हाला हे दाखवलं, तेव्हा तुम्हीही मला तेच सांगितलंत." आवाजात टोमणा नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मग?"

"मग काय, बाई. मी नाही दिलं."