वळणावरची झेंडी

सकाळपासून घाटातल्या वळणावर कॅमेरा लावून बसलो होतो. मालगाड्या करकरत उतरत होत्या, फोटोही झकास मिळत होते, तरी मी वैतागलो होतो. मी वेड्यासारखा हात हलवायचो आणि शेवटच्या डब्यातला गार्ड माझ्या शेजारच्या रिकाम्या कातळाकडे बघून हिरवी झेंडी दाखवायचा. एक नाही, सगळे तसेच. माणसाकडे बघायला काय पैसे पडतात?

रूळ तपासत आलेल्या गँगमनला मी तेच विचारलं.

"ती झोरेमामांची झेंडी, साहेब. ते आमच्याच गँगमधले, इथंच उभे राहायचे. गाडी ठीक असली की झेंडी दाखवायचे, गार्डही त्यांना दाखवायचा. मग दरड आली, त्यात मामा गेले. तेव्हापासून या वळणावर झेंडी फक्त गेलेल्या माणसाला. आम्हालासुद्धा दाखवत नाहीत. तुम्हाला दाखवली नाही, तेच बरं."

तो धुक्यात दिसेनासा झाला. मी हसलो, पण कातळापासून जरा सरकूनच बसलो.

पुढची गाडी आली. आधी ब्रेक तापल्याचा वास, मग डबेच डबे, आणि शेवटी गार्ड. त्याने कातळाला झेंडी दाखवली, खाली घेतली. मग मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं आणि झेंडी पुन्हा वर केली.

सकाळपासूनच्या सवयीने माझाही हात वर गेला. तेवढ्यात मागच्या कड्यावरून एक खडा घरंगळत आला आणि माझ्या बुटाला लागून थांबला.