घाबरायची नोकरी

"अगं भागूबाई, आवर की! साहेब निघून गेले म्हणजे?"

नवऱ्याची ही तिसरी हाक. ती स्टुलावर चढून माळ्यावरून त्याची जुनी गणवेशाची टोपी काढत होती. टोपी केव्हाच हाताला लागली होती, ती उगीच चालढकल करत होती.

"पडशील हं, भित्री कुठली!" असं म्हणून तो स्टूल न धरताच बूट घालायला गेला.

आज मॉलचा शेवटचा दिवस. उद्यापासून पाडकाम. निरोपाला सगळ्या जुन्या माणसांना बोलावलं होतं, आणि पहिले मॅनेजरसाहेबही येणार होते. आमंत्रण आल्यापासून नवऱ्याचं एकच पालुपद चाललं होतं, "साहेबांचे आभार मानायचे राहिलेत. तेवढं झालं की मी मोकळा."

आणि नेमकं तेच तिला नको होतं. साहेबांनी तोंड उघडलं की तिचं पितळ उघडं पडणार होतं, तेही या वयात.

मॉल उघडला तेव्हा आसपासच्या गावांतून बस भरभरून माणसं आली होती. काचेचं छत, मधोमध कारंजं आणि त्यापलीकडे सरकता जिना. असला जिना त्या भागात कुणी पाहिलेला नव्हता. माणसं कारंज्याभोवती हुंदडायची, जिन्यापाशी आली की पाय मागे घ्यायची. वरचे दुकानदार माश्या मारत बसायचे. मग साहेबांनी जिन्याच्या तोंडाशी एक उंच, हसरा पोरगा उभा केला. येईल त्याचा हात धरायचा आणि वर पोचेपर्यंत सोडायचा नाही, एवढंच त्याचं काम. सगळे त्याला हातवाला म्हणायचे.

पण पहिलं पाऊल टाकणार कोण? म्हणून साहेबांनी तिला नोकरीवर ठेवलं. नोकरी घाबरायची! गिऱ्हाईक म्हणून यायचं, जिन्यापाशी किंचाळायचं, हातवाल्याचा हात घट्ट धरून डोळे मिटून वर जायचं आणि वर पोचलं की खदखदून हसायचं. बघ्यांना वाटायचं, ही बया जाते तर आपल्याला काय धाड भरलीय? आणि मागोमाग रांग लागायची.

"कुणाला कळता कामा नये," साहेबांनी बजावलं होतं. "त्या हातवाल्याला तर मुळीच नाही. त्याला हसू फुटलं की खेळ खलास."

कधी स्कार्फ बांधून, कधी काळा चष्मा लावून ती घाबरत राहिली. हातात कधी पिशवी नसायची, पण हातवाल्याने कधी विचारलं नाही की बाई, तुम्ही घेता तरी काय. भोळा सांब नुसता! दर वेळी तितक्याच काळजीने म्हणायचा, "घाबरू नका, मी आहे ना." एक दिवस वर पोचल्यावर तिला हसायचंच सुचलं नाही. हात सोडवत नव्हता.

लग्नाआधी तिने सांगायचं ठरवलं होतं. लग्नानंतरही कितीदा तरी ठरवलं. पण तो पाहुण्यांपुढे रंगात येऊन सांगायचा, "आमच्या भागूबाईसारखी घाबरट बाई जगात नाही! रोज घाबरायची, तरी रोज यायची!" त्याचा तो फुललेला चेहरा पाहिला की तिची जीभच उचलायची नाही. आपला अख्खा संसार एका थापेवर उभा आहे, ही टोचणी मात्र कायमची लागली.

दोघं मॉलमध्ये शिरली. कारंजं कोरडं पडलं होतं आणि त्यात मोडक्या खुर्च्या रचल्या होत्या. नवरा मात्र बंद शटरांपुढून दुकानं उघडी असल्यासारखा चालला होता.

"हा घड्याळवाला. कधीच वेळेवर यायचा नाही लेकाचा! आणि इथे खेळण्यांचं दुकान. आपल्या लेकीने इथेच फतकल मारून भोकाड पसरलं होतं, आठवतं?"

"आठवतं तर! आणि तुम्ही लपला होतात त्या खांबाआड," ती म्हणाली आणि तिला हसू आलं. किती गजबज असायची इथे! आता माणसं घरबसल्या खरेदी करतात. इथे कोण कशाला तडफडतंय?

जिना मात्र आजच्यापुरता सुरू केला होता. नवऱ्याने टोपी घातली, तोंडाशी उभा राहिला आणि हात पुढे केला. तो हात आता सुरकुतला होता.

"घाबरू नकोस, मी आहे ना."

तिने तो घट्ट धरला. वर चाकांच्या खुर्चीत बसलेले साहेब दिसत होते. त्यांच्याकडून कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

"अहो, मला एक सांगायचंय. फार वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं."

"वर गेल्यावर सांग. जिन्यावर बोलू नये, पाय चुकतो," तो म्हणाला.

वर पोचेपर्यंत साहेबांनी टोपी ओळखली होती. कमी ऐकू येत असल्यामुळे ते ओरडूनच बोलत होते. "अरे हातवाल्या! आणि ही कोण? आपली घाबरणारी ना ही?"

आता मात्र ती खरोखरच घाबरली. नवऱ्याकडे बघायचा धीर होईना. तो वाकून साहेबांचा हात दोन्ही हातांत घेत होता.

"साहेब, तुमचे आभार मानायचे राहिले होते."

"आभार कसले, गाढवा! वात आणला होतास मला!" साहेब गदगदून हसले. "शेंबडी पोरं जिन्यावर उड्या मारायला लागली, तरी रोज संध्याकाळी हा आपला माझ्या केबिनच्या दारात हजर! म्हणे, साहेब, लोक अजून घाबरतात हो, एवढ्यात बाईंना कामावरून काढू नका!"