एकविसावं प्रकरण

अमरावतीची जुईली आणि अकोल्याचा यशोधन मिळून मोबाईलवरच्या एका ॲपवर कादंबरी लिहीत होते. तिच्यात वाफेवर उडणारी जहाजं होती आणि एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन कप्तान, एक नायिका आणि एक नायक. नायिकेची प्रकरणं जुईली लिहायची, नायकाची यशोधन. प्रत्यक्षात दोघं कधी भेटले नव्हते. पहिली वीस प्रकरणं कप्तान भांडले, आणि खाली कमेंटमध्ये हे दोघंही.

एकविसाव्या प्रकरणात नायकाने भर वादळात आपलं जहाज मागे वळवलं आणि तिच्या जहाजाला दोर टाकला. त्यानंतर तो हळूहळू असा बोलायला लागला, की जुईलीने दोन वर्षांत तीन स्थळं नाकारली. आईने "काहून?" विचारलं, तर ती नुसती हसली.

कादंबरी छापून आली, तेव्हा प्रकाशनासाठी ती अकोल्याला गेली. "या, बसा. गाडी वेळेवर मिळाली ना?" एवढं विचारून यशोधन पाहुण्यांकडे वळला. त्याची धाकटी बहीण श्रावणी मात्र जुईलीचा हात धरून तिला बाजूला घेऊन गेली.

"ताई, वीस प्रकरणं झाली अन् दादाले नोकरी लागली. त्यानं लिहिणं सोडलं. पुढचं सारं मीच लिहिलं. सांगितलं तर तुमी थांबून जाल, असं वाटलं मले."



जुईली "बरं" म्हणाली, आणि पुस्तकावर सह्या घ्यायला वाचकांची रांग लागली होती तिथे, मुखपृष्ठावर तिच्यासोबत नाव असलेल्या यशोधनच्या शेजारी जाऊन बसली.